बार्शी लाइट रेल्वे

मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी व लातूर यांना जोडणारा, ७६२ मिमी. (अडीच फूट) मापाचा पूर्वीचा अरुंदमापी लोहमार्ग. पूर्ण विस्तारानंतर त्याची लांबी सुमारे ३२५ किमी. होती. बोलीत तो ‘बार्शी लाइट’ याच नावाने ओळखला जाई. कुर्डुवाडी ते बार्शी हा सुमारे ३५ किमी.चा पहिला टप्पा १८९७ साली वाहतुकीस खुला झाला. त्या काळी कुर्डुवाडी स्थानकाचे नाव ‘बार्शी रोड’ होते. मुंबई-सोलापूर या रुंदमापी मार्गावरचे ते बार्शीसाठी सर्वांत सोयीचे ठिकाण. मात्र तेथून बार्शीच्या कापूसपेठेपर्यंतचा माल तोवर बैलगाड्यांनीच जात असे.

उगम : मार्गाच्या आरंभाचे साल वेगवेगळे दिले जाते, कारण ‘आरंभ’ कशाला म्हणायचे यावर एकमत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीस असलेला अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) याने १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धातच मुख्य मार्गांना माल पुरवणाऱ्या स्वस्त पूरक मार्गांची कल्पना मांडली होती. कंपनी स्थापन झाली ती मात्र १८९५ मध्ये, लंडन येथे. योजनेपासून मोजल्यास मार्गाचे वय दहाएक वर्षांनी वाढते. पण प्रत्यक्षात उतरलेला आराखडा, विशेषतः त्यातील आसभाराचे (चाकांच्या एका जोडीच्या आसावर पडणाऱ्या भाराचे) गणित, १८९५ नंतरच्या कामातूनच स्पष्ट दिसते. त्यामुळे १८९७ हेच वर्ष धरणे अधिक सुरक्षित.

‘लाइट’ या शब्दाविषयीही गैरसमज आहे. ब्रिटनमधील लाइट रेल्वेज कायद्यावरून हे नाव आले, असे काही ठिकाणी म्हटले जाते. तो कायदा १८९६ चा, म्हणजे कंपनीच्या स्थापनेनंतरचा आहे. येथे ‘लाइट’चा अर्थ हलके रूळ व हलका आसभार एवढाच घ्यावा. हा भारतातील पहिला अरुंदमापी मार्ग होता, हे विधानही टिकत नाही. बडोदे संस्थानात डभोई-मियागाम हा याच मापाचा मार्ग १८६२ मध्ये बैलांनी ओढलेल्या गाड्यांसह सुरू झाला होता, आणि दार्जिलिंगचा दोन फुटी मार्ग १८८१ मध्ये पूर्ण झाला. बार्शीचे महत्त्व अग्रक्रमात नाही, रचनेत आहे.

आसभार व रूळ : माप अरुंद केले की खर्च आपोआप उतरतो, हा समज कॅलथ्रॉपला मान्य नव्हता. त्याच्या मते खर्च ठरतो तो एका आसावर पडणाऱ्या भारावरून. म्हणून इंजिनापासून मालडब्यापर्यंत प्रत्येक आसावर जास्तीत जास्त ५ टन एवढा सारखाच भार येईल, अशी सर्व गाड्यांची आखणी केली गेली. एकच आस जड असला, तर त्या एका आसासाठी संपूर्ण मार्गावर जड रूळ घालावे लागतात आणि पूलही तसेच बांधावे लागतात. बाकीच्या आसांची क्षमता वाया जाते. ही उधळपट्टी टाळल्यामुळेच यार्डाला ३० पौंड (मीटरला सुमारे १५ किग्रॅ.) एवढे हलके रूळ पुरले.

पहिली इंजिने इंग्लंडमधील लीड्सच्या किटसन कारखान्यात बांधलेली ०-८-४ रचनेची टाकी इंजिने (पाणी व कोळसा स्वतःवरच वाहणारी) होती : पुढे मार्गदर्शक चाके नाहीत, मध्ये जोडदांड्यांनी जुळवलेली आठ चाके, आणि मागे चार वाहक चाके. सहा आसांवर प्रत्येकी ५ टन धरले, तर एकूण वजनाची मर्यादा ३० टन होते. त्यांपैकी २० टन ओढणाऱ्या चाकांवर पडतात. ओढ या २० टनांच्या पकडीवर अवलंबून असते, एकूण वजनावर नाही. रूळ ओले झाले की ही पकड घटते आणि चाके जागीच फिरू लागतात. अशा वेळी वाळू सोडण्याखेरीज चालकाच्या हाती फारसे काही राहत नाही. पुढे टेंडरची (पाणी व कोळशासाठी मागे वेगळा डबा जोडलेली) २-८-२ रचनेची इंजिनेही आली.

मालडबे २५ फूट लांब व ७ फूट रुंद अशा दाबीव पोलादाच्या एकसारख्या चौकटीवर बांधलेले व दोन्ही टोकांना बोगींवर (दोन आसांच्या वळू शकणाऱ्या चाकगाड्यांवर) बसवलेले होते. चार आसांमुळे मालासह डब्याचे कमाल वजन २० टन भरे. डब्याची रुंदी रुळांमधील अंतराच्या पावणेतीन पटींहून थोडी अधिक होती. त्यामुळे कापसाच्या गाठींसारखा हलका पण जागा खाणारा माल भरपूर मावत असे. भारतात पाठवण्यापूर्वी या गाड्यांचे प्रात्यक्षिक लीड्सजवळ न्यूले येथे खास घातलेल्या रुळांवर झाले. अडीच फुटी माप लष्करी वाहतुकीस योग्य म्हणून पुढे आले, त्यात या प्रात्यक्षिकाचाही वाटा असावा. कॅलथ्रॉपने हेच माप नंतर इंग्लंडमधील लीक-मॅनिफोल्ड मार्गासाठी (१९०४) वापरले.

देखभालीतील अडचणी : एकसारख्या घडणीच्या रुळांचा ताठपणा वजनाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे ३० पौंडी रूळ ६० पौंडी रुळाच्या निम्मा नव्हे, तर जेमतेम चौथाई ताठ असतो. म्हणून स्लीपर जवळजवळ घालावे लागतात आणि सांध्यांखालची खडी वारंवार ठोकून घट्ट करावी लागते. फिशप्लेटचे (दोन रुळांची टोके जोडणाऱ्या पट्टीचे) बोल्ट ढिले राहिले की सांधा खचतो, प्रत्येक चाक तेथे आदळते आणि रुळाची टोके कायमची वाकतात. नंतर कितीही खडी भरली तरी हा बाक जात नाही. त्यात या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. भरावाची एक बाजू १० मिमी. खचल्यास रुंदमापी मार्गावर पडणाऱ्या तिरकसपणाच्या दुपटीहून अधिक तिरकसपणा अरुंद मापावर पडतो. थोड्या अंतरात असा पीळ पडला, की वळणावर एका चाकावरचा भार कमी होतो आणि त्याची कड रुळावर चढते. गाडी घसरण्याचे हे नेहमीचे कारण. पावसाळ्यात पाण्याचा निचरा नीट ठेवणे येथे खडी भरण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

विस्तार : पंढरपूरचा फाटा १९०६ च्या सुमारास सुरू झाल्याचे मानले जाते, आषाढी व कार्तिकीच्या वारीची गर्दी हा त्याच्या उत्पन्नाचा हंगामी आधार होता. पूर्वेकडे मार्ग येडशीजवळ बालाघाटाचा चढ चढून निजामाच्या हद्दीतून १९११ पर्यंत लातूरला पोहोचला. पंढरपूर-मिरज हा सांगोला, ढालगाव, कवठे महांकाळ यांवरून जाणारा भाग १९२७ च्या सुमाराचा.

अरुंद मापाने बांधणीत वाचवलेला खर्च वाहतुकीत मात्र वसूल होई. कुर्डुवाडीस रुंदमापी आणि मिरजेस त्या वेळी मीटरमापी मार्ग असल्याने दोन्ही ठिकाणी माल एका डब्यातून दुसऱ्यात हलवावा लागे : हमाली, खोळंबा, फुटलेली पोती, पावसात भिजलेल्या गाठी. दूरच्या मालाला ही हमाली एकूण भाड्यात फारशी जाणवत नाही. जवळच्या मालाला ती जड जाते, आणि मोटारट्रक आल्यावर पहिला गेला तो हाच माल.

हस्तांतरण व रूपांतर : १ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने कंपनीकडून मार्ग विकत घेतला आणि तो मध्य रेल्वेत समाविष्ट झाला. वाफेच्या इंजिनांची जागा पुढे डिझेल इंजिनांनी घेतली. रुंदमापी रूपांतर टप्प्याटप्प्याने झाले : कुर्डुवाडी-पंढरपूर २००१-०२ च्या सुमारास, लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) २००७ मध्ये, उस्मानाबाद-कुर्डुवाडी २००८ मध्ये, आणि पंढरपूर-मिरज २०१०-११ च्या सुमारास. जुना मार्ग धाराशिव शहर टाळून जात असे. नवा रुंदमापी मार्ग वळवून शहरातून नेण्यात आला.