परकी फौज आणि सामान्य रयत : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

एखाद्या देशातील सत्ताधीश आपल्याच लोकांच्या जिवावर उठला असता बाहेरच्या देशांनी फौज पाठवावी का, आणि पाठवली तर तिथल्या सामान्य माणसाचे त्यातून काही भले होते का, हा वाद दर काही वर्षांनी नव्या देशाच्या नावाने वर येतो. नाशिककरांना तो परक्या मुलखातला वाटण्याचे कारण नाही. देवळालीची छावणी, तिथले तोफखान्याचे प्रशिक्षण आणि ओझरचा विमान कारखाना यांमुळे लष्कर हा इथल्या रोजच्या व्यवहाराचा भाग आहेच. परंतु त्याहून जुनी गोष्ट अशी की हा जिल्हा स्वतःच अशा एका हस्तक्षेपातून गेलेला आहे.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांकडून पराभव झाल्यावर दुसरा बाजीराव वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह केला. कंपनीने सहा हजार कवायती पायदळ पेशव्यांच्या दिमतीला द्यावे आणि त्याच्या खर्चासाठी पेशव्यांनी सालिना सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा, असे ठरले. आजच्या भाषेत सांगायचे तर ही ‘कायदेशीर सरकारच्या विनंतीवरून’ आलेली परकी मदत होती. पुढच्याच वर्षी अहमदनगर आणि असईच्या लढाया झाल्या, १८०४ मध्ये होळकरांकडील चांदवड व धोडप हे किल्ले इंग्रजांच्या हाती गेले, आणि फौजांची ये-जा, लुटालूट व अवर्षण यांनी मिळून १८०३-०४ चा दुष्काळ दख्खनच्या माथी मारला. बाजीराव गादीवर परत बसला. त्याची किंमत शेतकऱ्याने कणगीतल्या दाण्यांनी भरली. १८१८ मध्ये त्र्यंबकगड पडला, मालेगावच्या किल्ल्यातील अरब शिबंदीने जवळजवळ महिनाभर झुंज देऊन जूनमध्ये शरणागती पत्करली, आणि तहाने बोलावलेली फौज मालक झाली.

त्यानंतर मात्र दख्खनचा इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टन याने एक शहाणपणा केला. गावचे पाटील, कुलकर्णी, वतने, देवस्थानांच्या सनदा यांना त्याने शक्यतो हात लावला नाही, आणि १८१९ च्या आपल्या अहवालात जुनी घडी फार न विस्कटण्याचीच बाजू मांडली. लूट थांबली, रस्ते वाहते झाले, हे नाकारता येत नाही. ती फौज पुढे १२९ वर्षे गेली नाही, हेही तितकेच खरे. प्रजेच्या सुखदुःखाचा हिशेब लढाई कोणी जिंकली यापेक्षा नंतर गावचे दप्तर कोणाच्या हाती राहिले आणि आलेला पाहुणा केव्हा उठला यावर अधिक अवलंबून असतो, असे माझे मत आहे. पुढचा इतिहास त्याच बाजूने पाहिला आहे.

‘तुमच्या भल्यासाठीच आलो आहोत’ ही भाषा एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. १८६० मध्ये लेबनॉन व दमास्कसमधील ख्रिश्चनांच्या कत्तलीनंतर सुमारे सहा हजार फ्रेंच सैनिक बैरुतला उतरले आणि पुढच्या जूनमध्ये परत गेले. मागे राहिलेली स्वायत्त कारभाराची व्यवस्था पहिल्या महायुद्धापर्यंत बऱ्यापैकी टिकली. पण हा अपवादच. मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची, कथा वेगळी आहे, आणि तीत मराठी माणसाचे रक्त आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसऱ्याकडे निघालेल्या हिंदी फौजेत पुण्याची सहावी डिव्हिजन होती. तिच्यातील मराठा पलटणी कूत-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात उपासमारीने खंगल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेरा हजारांच्या आसपास माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. पुढे बगदाद घेतल्यावर १९ मार्च १९१७ रोजी ब्रिटिश सेनापती जनरल मॉडने जाहीरनामा काढला : आमच्या फौजा जेते किंवा शत्रू म्हणून नव्हे, तर मुक्तिदाते म्हणून आल्या आहेत. तीनच वर्षांनी, १९२० मध्ये, त्या मुक्त झालेल्या लोकांनी बंड केले, आणि ते मोडण्यासाठी हिंदी पलटणी व विमाने वापरण्यात आली.

१९४५ च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेने दुसऱ्या राष्ट्राच्या भूमीवर बळाचा वापर करण्यास मनाई केली. स्वसंरक्षण आणि सुरक्षा परिषदेचा निर्णय एवढेच अपवाद ठेवले. वसाहतींतून नुकत्याच सुटलेल्या देशांना ही तटबंदी प्रिय होती, आणि भारत त्यांत पुढे होता. म्हणूनच १९७१ चा प्रसंग विचार करण्याजोगा आहे. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात सुरू झालेल्या कत्तलीनंतर सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झाले. १४ तारखेला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर हल्ला झाला तो मिग-२१ विमानांचा. याच जातीची विमाने ओझरच्या कारखान्यात तयार होत असत. १६ डिसेंबरला शरणागती झाली. आज आपण ज्याला निखळ मुक्तियुद्ध म्हणतो, त्याकडे तेव्हाचे जग कसे पाहत होते? ७ डिसेंबरला महासभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी व सैन्य माघारीचा ठराव केला होता. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकार नसता तर ते युद्ध अर्ध्यावर थांबले असते.

बांगलादेशातील सामान्य माणसाचे त्यातून भले झाले का? कत्तल थांबली आणि निर्वासित काही महिन्यांत आपापल्या गावी परतले, हे उत्तर ठामपणे देता येते. १९७४ चा दुष्काळ, १५ ऑगस्ट १९७५ ची शेख मुजीबुर रहमान यांची हत्या आणि त्यानंतरची लष्करी राजवट हेही त्याच इतिहासाचे पुढचे पान आहे. तरीही दोन गोष्टी निर्णायक ठरल्या. निवडणूक जिंकलेले नेतृत्व आधीपासून तिथले होते, ते दिल्लीहून नेऊन बसवावे लागले नाही. आणि मार्च १९७२ मध्ये, म्हणजे शरणागतीनंतर तीनच महिन्यांनी, भारतीय सैन्य ढाक्यातून निघून आले.

व्हिएतनामने ७ जानेवारी १९७९ रोजी नॉम पेन्ह घेऊन ख्मेर रूजची राजवट संपवली तेव्हा कंबोडियाच्या ऐंशी लाखांच्या आसपासच्या लोकसंख्येतील पंधरा ते वीस लाख माणसे आधीच मेली होती. त्या फौजेने उरलेल्यांना वाचवले. संयुक्त राष्ट्रसंघातील कंबोडियाची जागा मात्र पुढे अनेक वर्षे ख्मेर रूजचा नेता पोल पॉट याच्याच बाजूकडे राहिली, कारण महासत्तांच्या पटावर व्हिएतनाम चुकीच्या घरात उभा होता. व्हिएतनामी सैन्य दहा वर्षे थांबले, आणि सीमेवरचे युद्धही तितकीच वर्षे चालले. १९७९ मध्येच टांझानियाने युगांडातून हुकूमशहा इदी अमीनला हुसकले. नंतर आलेल्या ओबोटेच्या राजवटीत लुवेरो भागात पुन्हा हत्याकांडे झाली.

आपल्या देशाचा दुसरा अनुभव आपण १९७१ इतक्या उत्साहाने सांगत नाही. २९ जुलै १९८७ च्या करारानंतर भारतीय शांतिसेना श्रीलंकेच्या सरकारच्या संमतीने जाफन्यात गेली, तेव्हा तमिळ वस्त्यांनी तिचे हार घालून स्वागत केले. ऑक्टोबरमध्ये तीच सेना ‘लिट्टे’च्या तमिळ वाघांशी लढू लागली. २१ ऑक्टोबरला जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका व रुग्ण असे साठाहून अधिक जण मारले गेले. भारतीय बाजूने ते दुतर्फा गोळीबारात सापडल्याचे म्हटले, तर वाचलेल्यांनी आपल्यावर सरळ गोळ्या झाडल्याची साक्ष दिली. सुमारे बाराशे भारतीय जवान गमावून सेना २४ मार्च १९९० रोजी परतली तेव्हा तिला ठेवून घ्यायला ना कोलंबो तयार होते, ना जाफना. करारातून आलेल्या प्रांतिक परिषदा तमिळ भागात कागदावर उरल्या आणि यादवी आणखी एकोणीस वर्षे चालली.

शीतयुद्ध संपल्यावर हस्तक्षेपाला नवा उत्साह आला. १९९१ मध्ये उत्तर इराकमधील कुर्दांना मिळालेल्या संरक्षणामुळे लाखो माणसे डोंगरांतून घरी परतली. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकी फौजा सोमालियात अन्न पोहोचविण्यासाठी उतरल्या. पुढे भारतीय ब्रिगेडनेही बैदोआ भागात काम केले. परंतु मोगादिशूत अठरा अमेरिकी सैनिक मारले जाताच मोहिमेतला जीव गेला. त्याचा परिणाम रवांडाने भोगला. एप्रिल १९९४ मध्ये कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना वाढवण्याऐवजी २७० माणसांवर आणण्याचा ठराव केला, आणि शंभर दिवसांत सुमारे आठ लाख लोक मारले गेले. कोणत्याही हस्तक्षेपाला सरसकट विरोध करणाऱ्याला रवांडाचे उत्तर द्यावे लागते. ते सोपे नाही. १९९९ मध्ये सर्बियाच्या ताब्यातील, अल्बेनियन बहुसंख्येच्या कोसोव्होसाठी नाटोने सुरक्षा परिषदेला वगळून ७८ दिवस बॉम्बफेक केली. तीत सुमारे पाचशे नागरिक मेले, लाखो अल्बेनियन निर्वासित काही आठवड्यांत घरी आले, आणि लगेच सर्ब व रोमा कुटुंबांवर घर सोडण्याची पाळी आली. या अनुभवांतूनच ‘संरक्षणाची जबाबदारी’ (सरकार आपल्या लोकांना वाचवत नसेल तर ते काम जगाचे) हे तत्त्व २००१ मध्ये मांडले गेले आणि २००५ च्या जागतिक शिखर परिषदेने ते स्वीकारले.

दरम्यान २००३ मध्ये इराकवर झालेल्या आक्रमणाचे मुख्य कारण संहारक अस्त्रे हे सांगितले गेले होते. ती सापडली नाहीत तेव्हा जनतेच्या मुक्तीचा मुद्दा पुढे आला. इथे दप्तराची गोष्ट अगदी जवळून पाहता येते. १९९० च्या निर्बंधांनंतर इराकमध्ये घरटी रेशनकार्ड होते आणि त्यावर पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल, कडधान्य, साबण असा शिधा दरमहा चाळीस हजारांहून अधिक परवानाधारक दुकानदारांमार्फत मिळत असे. निम्म्याहून अधिक लोक त्यावर जगत होते. आक्रमणानंतरही ही साखळी जूनपर्यंत पुन्हा सुरू झाली, कारण तिचे कारकून, याद्या आणि दुकानदार जागेवर होते. याउलट मे महिन्यात अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमरने काढलेल्या पहिल्या आदेशाने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या श्रेणींतील हजारो लोक सरकारी नोकरीतून गेले, त्यांत शिक्षक, डॉक्टर, अभियंतेही होते. दुसऱ्या आदेशाने सैन्य व सुरक्षा खाती बरखास्त होऊन चार लाखांच्या आसपास माणसे बंदुकीसह घरी बसली. एल्फिन्स्टनने जे टाळले ते ब्रेमरने दोन सह्यांत केले. एप्रिलमध्ये रुग्णालये व संग्रहालय लुटले जात असताना तेल मंत्रालयाबाहेर मात्र अमेरिकी पहारा होता, हे बगदादकर विसरलेले नाहीत. फेब्रुवारी २००६ मध्ये समारा येथील शियांच्या दर्ग्यातील स्फोटानंतर शिया-सुन्नी शेजाऱ्यांनी एकमेकांना मारण्याचे सत्र सुरू झाले, आणि आजवर नोंद झालेले नागरिकांचे मृत्यूच एक लाख ऐंशी हजारांहून अधिक आहेत. सद्दामच्या तुरुंगांतून सुटलेल्यांचे आणि कुर्दांचे भले झाले, हे या आकड्यासमोर ठेवून मांडावे लागते. वजाबाकी करून एक उत्तर काढता येत नाही.

लिबियात सुरक्षा परिषदेच्या १७ मार्च २०११ च्या ठरावाने नागरिकांच्या रक्षणासाठी बळ वापरण्याची परवानगी दिली. भारतासह पाच देश तटस्थ राहिले. बंडखोरांच्या बेनगाझीवर चालून येणारी सत्ताधीश गद्दाफीची फौज थांबली, पण मोहीम तिथे थांबली नाही. ऑक्टोबरमध्ये गद्दाफी मारला गेला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस नाटोने काम संपल्याचे जाहीर केले. २०१६ मध्ये ब्रिटिश संसदेच्याच परराष्ट्र व्यवहार समितीने म्हटले की नागरिकांवरील धोका फुगवून सांगितला गेला होता आणि नंतरची कोणतीही तयारी नव्हती. २०१४ पासून देशात दोन सत्ता झाल्या.

त्या काळात देर्ना शहराच्या वरच्या अंगाला १९७० च्या दशकात बांधलेली दोन धरणे होती. त्यांच्या दुरुस्तीचे कंत्राट २००७ मध्ये एका तुर्की कंपनीला मिळाले होते. २०११ मध्ये लढाई पेटताच तिची माणसे निघून गेली आणि पुन्हा कोणी त्या भिंतींकडे पाहिले नाही. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री वादळी पावसात दोन्ही धरणे फुटली आणि हजारो माणसे समुद्रात वाहून गेली. नाशिकच्या गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की गोदाकाठच्या दुकानदाराला आधी निरोप मिळतो, आणि गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आले यावरून नाशिककर पुढचे ठरवतो. देर्नात निरोप देणारे खातेच धड उरले नव्हते. पूर्वसूचनेची व्यवस्था चालू असती तर बहुतेक मृत्यू टळले असते, असे जागतिक हवामान संघटनेच्या प्रमुखांनी तेव्हा म्हटले. या मृत्यूंना नाटोचे बळी म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण मधली बारा वर्षे लिबियन सरदारांनीच वाया घालवली. पण हस्तक्षेपाच्या ताळेबंदात ते कुठेच लिहिले जाणार नाहीत, हेही बरोबर नाही.

राज्यशास्त्रातील अभ्यासांचा कल ढोबळमानाने असा आहे की बाहेरून राजवट बदलण्याचे प्रयत्न क्वचितच स्थिर लोकशाही देतात, तर दोन्ही पक्षांच्या संमतीने उभ्या राहिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनांच्या उपस्थितीत नागरिकांच्या हत्या कमी होतात. अफगाणिस्तानात वीस वर्षांत मुली शाळेत गेल्या, बालमृत्यू घटले. परंतु सरकारी खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परदेशी अनुदानावर चाललेला होता. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले तेव्हा देणगीदार गेले, मध्यवर्ती बँकेची परदेशातील गंगाजळी गोठवली गेली, आणि शिक्षिकेचा पगारही थांबला.

शांतिसेनेच्या बाबतीतही एक प्रश्न अजून सुटलेला नाही, तो तिच्या हातून झालेल्या हानीच्या भरपाईचा. ऑक्टोबर २०१० मध्ये हैतीत पसरलेला पटकी (कॉलरा) संयुक्त राष्ट्रांच्या तळावरील सांडपाण्यातून नदीत उतरला आणि त्यात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. पीडितांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला; संघटनेला असलेल्या कायदेशीर संरक्षणामुळे तो फेटाळला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये महासचिव बान की-मून यांनी माफी मागितली आणि चाळीस कोटी डॉलरची योजना जाहीर केली. तिच्यासाठी सदस्य देशांनी स्वेच्छेने द्यावयाच्या रकमेचा लहानसा भागच जमा झाला. २०२४ च्या जूनमध्ये केनियाचे पोलीस सुरक्षा परिषदेच्या परवानगीने पोर्ट-ऑ-प्रिन्सला उतरले, तेव्हाही भरपाईचा तो विषय तसाच पडून होता.