हिकी–गिब्सन आणि ब्रिजेन्स–पेग्लर : ‘द टेरर’मधल्या दोन लपलेल्या जोड्या

‘द टेरर’ या मालिकेचा विषय निघाला की बोलणं बहुतेक वेळा क्रोझियर आणि फिट्झजेम्स या दोघांवर येऊन थांबतं. साहजिकच आहे. सुरुवातीला एकमेकांना पाण्यात पाहणारे हे दोन अधिकारी शेवटी सख्ख्या भावांसारखे होतात आणि जॅरेड हॅरिस व टोबायस मेन्झिस यांनी हा बदल इतका सावकाश उलगडलाय की तो मनातून जात नाही. पण खालच्या डेकवर आणखी दोन नाती आहेत आणि त्यांच्याबाबत हमखास गोंधळ होतो. एक हिकी आणि गिब्सनचं, दुसरं ब्रिजेन्स आणि पेग्लरचं. दोन्ही पुरुषा-पुरुषांमधली, दोन्ही लपूनछपून चाललेली. काही प्रेक्षक दोन्ही एकाच खणात टाकतात. काही जण ‘हिकी खलनायक, म्हणून ते नातं घाणेरडं, ब्रिजेन्स सज्जन, म्हणून हे पवित्र’ असा झटपट निकाल लावून मोकळे होतात. मला दोन्ही वाचनं चुकीची वाटतात.

मालिका पाहिली नसेल तर एक सूचना: पुढे कोण कसं मरतं ते सगळं येणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मे 1845 मध्ये सर जॉन फ्रँकलिन यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश नौदलाची एरेबस आणि टेरर ही दोन जहाजं कॅनडाच्या उत्तरेकडून पॅसिफिकला जाणारा समुद्रमार्ग शोधायला निघाली. सप्टेंबर 1846 मध्ये किंग विल्यम बेटाजवळ ती बर्फात अडकली. जून 1847 मध्ये फ्रँकलिन वारले. एप्रिल 1848 मध्ये उरलेल्या 105 जणांनी जहाजं सोडली आणि होड्या ओढत दक्षिणेची वाट धरली. मोहिमेवरचे सगळे, म्हणजे 129 जण, मेले. 2018 ची ही दहा भागांची मालिका याच मोहिमेवर आहे. मालिकेत बर्फावर माणसांच्या मागे लागणारं राक्षसी जनावर अर्थातच कल्पित आहे, पण माणसांची नावं आणि हुद्दे बहुतांशी जहाजांच्या खऱ्या नोंदींतले आहेत.

गोंधळाचं मूळ या हुद्द्यांतच आहे. विल्यम गिब्सन आणि जॉन ब्रिजेन्स दोघेही स्टुअर्ड. कनिष्ठ अधिकाऱ्यांचं ताट वाढायचं, कपडे झटकायचे, खोली आवरायची, हे काम. गिब्सन टेररवर, ब्रिजेन्स एरेबसवर. दोघांचे जोडीदार मात्र हातांनी राबणारे आणि दोघेही टेररवरचे. कॉर्नेलियस हिकी हा जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी दोर आणि डांबर ठासून बुजवणाऱ्या कारागिराचा मदतनीस, तर हेन्री पेग्लर पुढच्या डोलकाठीवरच्या खलाशांचा मुकादम. म्हणजे दोन्हीकडे एक स्टुअर्ड आणि एक दर्यावर्दी. हा योगायोग नव्हे. मालिका ज्या कादंबरीवर बेतलीय, त्या डॅन सिमन्स यांच्या 2007 च्या ‘द टेरर’मध्ये हिकीचा जोडीदार मॅग्नस मॅन्सन नावाचा धिप्पाड, मंदबुद्धी खलाशी आहे. मालिका लिहिणाऱ्यांनी त्याच्या जागी गिब्सनला आणलं, त्यामुळे दोन जोड्या आरशासमोर ठेवल्यासारख्या झाल्या. त्या शेजारी ठेवून पाहाव्यात, हा त्यांचाच हेतू असणार.

दोघांच्याही डोक्यावरची टांगती तलवार तीच आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. ब्रिटिश नौदलाच्या नियमांत पुरुषांमधल्या संभोगाला देहांताची शिक्षा होती. किनाऱ्यावरचा कायदाही तसाच होता. या गुन्ह्यासाठी इंग्लंडमधली शेवटची फाशी नोव्हेंबर 1835 मध्ये झाली, म्हणजे ही जहाजं निघायच्या दहाच वर्षं आधी. फाशीची तरतूद पुस्तकातून गेली ती 1861 मध्ये. त्याच सुमाराला, 1860 मध्ये, भारतीय दंडसंहितेत कलम 377 आलं आणि ते आपल्याकडे दीडशेहून अधिक वर्षं टिकलं. ही मालिका 2018 च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून बाहेर काढलं. त्यामुळे जहाजावरची ती भीती आपल्याला परकी वाटायचं कारण नाही.

आता हिकी आणि गिब्सन. जहाजाच्या पोटात, सामानाच्या आडोशाला, लेफ्टनंट आयर्विंग त्यांना एकत्र पाहतो. आयर्विंग धार्मिक आहे, घाबरट आहे, पण दुष्ट नाही. यानंतर जे घडतं त्यात या नात्याची सगळी कुंडली आहे. गिब्सन एकटाच आयर्विंगला गाठतो आणि सांगतो की हिकीने आपल्यावर जबरदस्ती केली. ते खोटं आहे. मान वाचवायला त्याने जोडीदाराची मान पुढे केलीय. आयर्विंग मग हिकीला बोलावून अगदी मनापासून उपदेश करतो. जलरंगात चित्रं काढ, व्यायाम कर, मन गुंतव, असं त्याचं चाललेलं असतं. हिकी साकारणाऱ्या ॲडम नगाइटिसचा चेहरा त्या प्रसंगात पाहण्यासारखा आहे. उपदेश ऐकता ऐकता त्याच्या ध्यानात येत जातं की याला ही गोष्ट कुणी आणि कशी सांगितली. आयर्विंगच्या तोंडून निघणाऱ्या दयेच्या प्रत्येक शब्दाबरोबर गिब्सनचा दगा त्याला जास्त स्पष्ट दिसत जातो.

अनेक जण इथे हिकीच्या बाजूने किंवा विरुद्ध उभे राहतात. मला मात्र या प्रसंगात गिब्सनकडे पाहावंसं वाटतं. तो खोटं बोलला, कारण खरं बोलण्याची किंमत फास होती. पण त्याला एवढंही वाटलं नाही की दोघांनी मिळून काही सांगता येईल, किंवा निदान आधी हिकीच्या कानावर घालावं. त्या नात्यात तशी सोयच नव्हती. हिकीला शरीराची ऊब हवी होती, आणि पुढे बेत रचताना एक आपला माणूस हवा होता. अधिकाऱ्यांच्या टेबलाभोवती वावरणारा स्टुअर्ड अशा माणसाला किती उपयोगी पडेल, हे वेगळं सांगायला नको. गिब्सनला आधी थोडी सोबत आणि नंतर संरक्षण हवं होतं. शेवटी तो हिकीच्या बंडखोर टोळीत जातो, तो ओढीने जातो की दुसरा कुणी वाली उरला नाही म्हणून, हे मालिका उलगडून सांगत नाही.

आणि हिकी तरी कोण? शेवटी कळतं की तो कॉर्नेलियस हिकी नाहीच. खऱ्या हिकीला मारून, त्याचं नाव घेऊन हा जहाजावर चढला, कारण त्याला पॅसिफिकमधल्या उबदार बेटांपर्यंत फुकट पोचायचं होतं. ज्याने नावसुद्धा दुसऱ्याचं उचललंय, त्याच्या लेखी माणसं वापरायच्याच वस्तू. आयर्विंगला तो मारतो. गिब्सन आजाराने खंगून होडी ओढायच्या कामाचा उरत नाही, तेव्हा हिकी स्वतःच्या हाताने त्याचा जीव घेतो आणि डॉक्टर गुडसरला त्याचं मांस कापायला लावतो. मालिकेतला हा सगळ्यात असह्य क्षण. मोहिमेच्या खऱ्या अस्थींवर सुरीच्या खुणा सापडल्यात, 2024 मध्ये तर खुद्द फिट्झजेम्सच्या जबड्याची ओळख पटली आणि त्यावरही तशाच खुणा होत्या. म्हणजे नरमांसभक्षण हा इतिहास आहे. पण गिब्सनच्या बाबतीत मालिकेला त्याहून जास्त काही सांगायचंय. जे नातं पहिल्या दिवसापासून उपयोगावर चाललं होतं, ते शेवटच्या तुकड्यापर्यंत उपयोगावरच चाललं.

ब्रिजेन्स आणि पेग्लर यांच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडे प्रसंग आलेत आणि तेही असे, की पडद्यावर दुसरं काही चालू असताना नजरेतून निसटावेत. ब्रिजेन्स वयाने बराच मोठा आणि वाचणारा. पेग्लर त्याच्याकडून पुस्तकं नेतो, वाचून परत करतो, दुसरं घेऊन जातो. दोघं वेगवेगळ्या जहाजांवर असल्यामुळे पुस्तक परत करणं हेच भेटीचं कारण. त्यांना कुणी पकडत नाही, कुणाला खुलासा द्यावा लागत नाही. जॉन लिंच आणि केव्हिन गथ्री हे दोघे नट कुठलीही कबुली न देता, नुसत्या उभं राहण्यातून ओळख जुनी आहे हे कळू देतात. त्यांच्यात शारीरिक संबंध होते का, आहेत का, हे मालिका दाखवत नाही, आणि म्हणूनच काही प्रेक्षक ‘ही तर गुरू-शिष्याची मैत्री’ म्हणून विषय मिटवतात. तेही पटत नाही. पेग्लर आजारी पडल्यावर ब्रिजेन्स ज्या तऱ्हेने त्याच्यापाशी बसतो, ते पाहिल्यावर मैत्री या शब्दात ते मावत नाही.

पेग्लर मरतो. ब्रिजेन्स त्याचे कागद घेतो, छावणीतून एकटाच चालत निघतो आणि उघड्या माळावर, ते कागद जवळ धरून, आडवा होतो. त्याला कुणी मारत नाही.

हा शेवट लेखकांनी हवेतून आणलेला नाही. 1859 मध्ये मॅक्लिंटॉक यांच्या शोधपथकाला किंग विल्यम बेटाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ एक सांगाडा पालथा पडलेला सापडला. जवळ एक पाकीट होतं, त्यात हेन्री पेग्लरच्या नावाचं नोकरीचं प्रमाणपत्र आणि हाताने लिहिलेले कागद. बराचसा मजकूर शब्दांची अक्षरं उलट्या क्रमाने मांडून लिहिलेला. पण अंगावरचे कपडे खलाशाचे नव्हते. मॅक्लिंटॉक यांनी बारकाईने लिहून ठेवलंय की गळ्यातला रुमाल ढिल्या गाठीच्या फुलासारखा बांधलेला होता, खलाशी किंवा अधिकारी तसा बांधत नसत, आणि कपड्यांवरून हा माणूस स्टुअर्ड असावा. जवळ कपडे झटकायचा ब्रश आणि कंगवाही होता. मग पेग्लरचे कागद एका स्टुअर्डजवळ कसे? अनेक अभ्यासकांनी पेग्लरसोबत पूर्वी नोकरी केलेल्या थॉमस आर्मिटेज या टेररवरच्या स्टुअर्डचं नाव सुचवलं. सिमन्स यांच्या कादंबरीने, आणि तिच्यावरून मालिकेने, त्या जागी ब्रिजेन्सला ठेवलं आणि ‘कसे’चं उत्तर म्हणून ही सगळी कथा उभी केली. मित्राचे कागद खिशात ठेवून कुणीतरी तिथवर चालत गेलं होतं, एवढं तर त्या कपड्यांवरून मानावंसं वाटतंच.

या दोन जोड्यांच्या जोडीला आणखी एक स्टुअर्ड आठवतो: क्रोझियरची सेवा करणारा जॉप्सन. कप्तानाची दारू सुटताना तो रात्रंदिवस उशाशी बसतो. शेवटी, आपल्याला टाकून सगळे निघून गेले अशा समजुतीने तंबूबाहेर सरपटत मरतो. त्यालाही कधी कधी याच रांगेत बसवलं जातं. पण तिथे निष्ठेला हुद्द्याची चौकट आहे आणि क्रोझियर त्याला लेफ्टनंट करतो तेव्हा परतफेडही त्याच चौकटीतून होते. पेग्लरला ब्रिजेन्स काही बनवू शकत नाही. देण्यासारखं त्याच्याकडे वाचलेलं आहे, तेच तो देतो.

तर मग हिकी समलैंगिक असल्यामुळे खलनायक ठरतो का? ब्रिजेन्स–पेग्लर नसते तर हा आरोप मालिकेवर करता आला असता. ते आहेत, म्हणून करता येत नाही. कायदा दोघांसाठी सारखाच होता, बर्फ सारखाच, भूकही तीच. गिब्सन भीतीपोटी हिकीचं नाव पुढे करतो. ब्रिजेन्सवर तशी वेळ येत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. त्याला कुणी पाहिलं असतं तर तो काय बोलला असता, ते सांगता येणार नाही. त्यामुळे गिब्सनला भित्रा आणि ब्रिजेन्सला निष्ठावान म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. एकाची परीक्षा झाली, दुसऱ्याची त्या विषयात झालीच नाही.

दुसरा अन्याय मालिकेचा स्वतःचा आहे. खरा कॉर्नेलियस हिकी टेररवर होता, खरा विल्यम गिब्सनही होता, आणि त्यांनी खून किंवा बंड केल्याचा कुठलाही पुरावा नाही. हिकीच्या बाबतीत लेखकांनी ‘हा तो नव्हेच’ अशी पळवाट काढून त्या मेलेल्या माणसाची अब्रू थोडीफार राखली. गिब्सनला तशी सवलत मिळाली नाही. त्याचं नाव तेच, हुद्दा तोच, आणि खोटी साक्ष त्याच्याच नावावर. एडवर्ड ॲशलेने तो इतका सहानुभूतीने उभा केलाय, की त्याला ब्रिजेन्ससारखा एखादा स्वतःचा प्रसंग मिळायला हवा होता: हिकी समोर नसतानाचा, नुसता गिब्सनचा.