इव्हो आणि इम्प्रेझा: बोनेटवरच्या भोकापासून सुरुवात

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापाशी गाडी लावायला जागा शोधत होतो. तेवढ्यात शेजारून एक निळी इम्प्रेझा गेली आणि माझा पुतण्या ओरडला, "काका, इव्हो!" इव्हो म्हणजे मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन, इम्प्रेझा सुबारूची. चुकला, पण चूक समजण्यासारखी होती. दोन्ही चार दारांच्या जपानी सेडान, डिकीवर भलामोठा पंख, बोनेटला भोकं, टर्बो इंजिन आणि चारही चाकांना ताकद. त्यात जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं की २८० अश्वशक्तीच्या वरचा आकडा जाहीर करायचा नाही. त्यामुळे कित्येक वर्षं तिथल्या दोन्ही गाड्यांच्या माहितीपत्रकात आकडासुद्धा एकच असायचा.

ओळखण्यात चूक झाली तर काही बिघडत नाही. मॉडिफाय करताना झाली तर इंजिन जातं. एका गाडीच्या बदलांची यादी दुसरीवर जशीच्या तशी वापरून बसलेली इंजिनं मी पाहिली आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

त्या दिवशी पुतण्याला मी एवढंच सांगितलं की बोनेट बघ. इम्प्रेझाच्या बोनेटवर मधोमध उंच उचललेलं तोंड असतं. ते हवा आत घेतं. त्या तोंडाच्या बरोबर खाली, इंजिनाच्या डोक्यावर, इंटरकूलर आडवा झोपवलेला असतो. टर्बोने दाबलेली हवा तापते, ती इंजिनात जाण्याआधी थंड करायचं काम इंटरकूलरचं. इव्होचा इंटरकूलर मात्र पुढच्या बंपरच्या तोंडात उभा असतो, समोरून बघितलं की त्याच्या चांदीसारख्या पात्या दिसतात. तिच्या बोनेटवरच्या जाळ्यांचं मुख्य काम गरम हवा बाहेर सोडणं हे आहे. एकीचं भोक श्वास घ्यायला, दुसरीचं सोडायला.

हा फरक गोव्यात लगेच जाणवतो. पर्वरीच्या जाममध्ये मे महिन्यात वीस मिनिटं अडकलात तर इम्प्रेझाचा इंटरकूलर खालच्या इंजिनाच्या उष्णतेने अक्षरशः शेकत असतो. जाम सुटल्यावर पहिली दोन-तीन जोराची पिकअप मंद लागतात, मग वारा लागला की गाडी पुन्हा जागी होते. जपानमधल्या एसटीआयना (इम्प्रेझाची सगळ्यात तगडी आवृत्ती) म्हणूनच इंटरकूलरवर पाण्याचा फवारा मारायचं बटण दिलेलं असायचं. इव्होच्या इंटरकूलरला समोरून हवा मिळते, तो जाममधून लवकर सावरतो.

दोघींचा जन्म एकाच कारणासाठी झाला. जागतिक रॅलीत ग्रुप ए गटात उतरायचं तर तशीच गाडी ठरावीक संख्येने लोकांना विकावी लागे. इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स (इम्प्रेझाची टर्बोवाली आवृत्ती) आणि लान्सर इव्होल्यूशन दोन्ही १९९२ मध्ये आल्या. सुबारूसाठी कॉलिन मॅक्रेने १९९५ मध्ये, रिचर्ड बर्न्सने २००१ मध्ये आणि पेटर सोलबर्गने २००३ मध्ये विश्वविजेतेपद मिळवलं. मित्सुबिशीच्या टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षं ते घरी नेलं. पुढे हाच मॅकिनेन सुबारूत गेला आणि २००२ ची माँटे कार्लो रॅली त्याने इम्प्रेझातून जिंकली.

आता इंजिन. खरा फरक इथे आहे, बाकीचं सगळं याच्या मागून येतं.

इव्हो नऊपर्यंतचं (आकडा म्हणजे इव्होची कितवी आवृत्ती) ४जी६३ हे इंजिन आडवं बसवलेलं, चार सिलिंडर एका ओळीत उभे, आणि ब्लॉक लोखंडाचा. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८५ मिलिमीटर, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८८. लोखंडी ब्लॉक जड असतो, पण दाब सहन करतो. म्हणूनच हे इंजिन जगभरच्या ट्यूनर लोकांचं लाडकं झालं. इव्हो दहामध्ये मित्सुबिशीने ४बी११ हे ॲल्युमिनियमचं इंजिन आणलं, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ८६. त्यात एक्झॉस्टची बाजूही बदलली. आधी टर्बो पुढे रेडिएटरकडे होता, दहामध्ये तो मागे केबिनच्या भिंतीकडे गेला. म्हणजे इव्हो नऊचा डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारी नळी) इव्हो दहाला बसत नाही. नुसतं इव्होचा पार्ट आहे म्हणून मागवू नका.

सुबारूचं इंजिन बॉक्सर. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे, पिस्टन आडवे धावतात, मुष्टियोद्ध्याने दोन्ही हात दोन बाजूंना ताणावे तसे. त्यांच्या ईजे२० या इंजिनात बोअर ९२ आणि स्ट्रोक फक्त ७५. इंजिन उंचीला बुटकं, त्यामुळे गाडीचं वजन जमिनीजवळ राहतं. ते लांबीच्या दिशेने बसतं, त्याच्यामागे सरळ रेषेत गिअरबॉक्स, आणि डावीउजवीकडचे शाफ्ट सारख्या लांबीचे. सुबारू या रचनेला सिमेट्रिकल म्हणते. सुबारूचं शोरूम आपल्याकडे नसलं तरी हे बॉक्सर भारताला अगदीच परकं नाही. शेवरोलेचा बिल्ला लावून विकली गेलेली फॉरेस्टर आठवते? ती मुळात सुबारूच, तिच्यात विनाटर्बोचं बॉक्सर होतं.

बॉक्सर दुरुस्त करणं म्हणजे काय ते फोंड्याच्या एका गॅरेजात मी जवळून पाहिलं. इव्हो नऊचे प्लग बदलायचे तर वरचं कव्हर काढलं, कॉइल उचलल्या, चारही प्लग समोर, विहिरीत बघितल्यासारखे. चहा थंड व्हायच्या आत काम संपलं. शेजारच्या इम्प्रेझात प्लग इंजिनाच्या दोन्ही कुशीत, चॅसीच्या पट्टीला जवळजवळ टेकलेले. एका बाजूची बॅटरी काढली, दुसऱ्या बाजूची वायपरच्या पाण्याची टाकी काढली. मग मेकॅनिककाकांनी छोटं एक्स्टेन्शन, त्याला वळणारा सांधा, त्याला पुन्हा एक्स्टेन्शन असं जोडत, डोळे मिटून नुसत्या बोटांच्या अंदाजाने पाना फिरवला. मजुरीचं बिल का वाढतं ते तिथे कळतं. कोणी सुबारूच्या कामाचे जास्त पैसे मागितले तर लगेच लुबाडतोय असं समजू नका.

आवाजाचंही मूळ यातच. इम्प्रेझाची ती धडधड बॉक्सरमुळे येते असं लोक समजतात. अर्धंच खरं आहे. दोन बाजूंच्या एक्झॉस्ट नळ्या असमान लांबीच्या असतात, म्हणून धुराचे ठोके टर्बोपाशी वेगवेगळ्या अंतराने पोचतात, त्याची ती धडधड. ट्विन-स्क्रोल, म्हणजे धुरासाठी दोन वेगळ्या वाटा असलेल्या, टर्बोच्या जपानी एसटीआयमध्ये नळ्या समान लांबीच्या आहेत आणि तिथे ती धडधड नाही. पुष्कळ जण महागडा समान लांबीचा हेडर (त्याच एक्झॉस्ट नळ्यांचा संच) बसवतात आणि मग आवाज कुठे गेला म्हणून विचारत येतात.

ताकद चाकांपर्यंत पोचवण्याची रीतही वेगळी. इव्हो चारपासून मित्सुबिशीने मागच्या डिफरेन्शियलमध्ये (चाकांत जोर वाटून देणारा गिअरांचा संच) एवायसी ही यंत्रणा आणली. वळणावर ती बाहेरच्या मागच्या चाकाकडे जास्त जोर ढकलते, त्यामुळे गाडीचं नाक वळणाच्या आत ओढलं जातं. इव्हो सातपासून पुढच्या आणि मागच्या चाकांत जोर वाटणारं मधलं डिफरेन्शियलही संगणकाच्या हाती गेलं, त्याला टार्मॅक, ग्रॅव्हल, स्नो असे तीन मोड. पावसाळ्यात चोर्ला घाटात केरीकडून चढताना रस्त्यावर लाल चिखल वाहून आलेला असतो, कडेला शेवाळ. तिथे मोड ग्रॅव्हलवर ठेवावा. एसटीआयमध्ये मधलं डिफरेन्शियल किती लॉक करायचं ते गिअरजवळच्या चक्रीने चालक स्वतः ठरवू शकतो. हिला वळणात वेगाने घातलंत तर नाक बाहेर जातं. आधी ब्रेक, मग वळण, मग जोर, हा क्रम पाळला की मात्र ती रुळावरून गेल्यासारखी जाते. मला स्वतःला ही शिस्त जास्त आवडते, इव्हो माझ्या चुका फार सहज पोटात घालते. आणि चारही चाकांना ताकद असली म्हणून गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारच चाकांना असतात.

आता मॉडिफिकेशन. सुरुवात पेट्रोलपासून करायला हवी, टर्बोपासून नव्हे. जपानी इंजिनांचा मॅप, म्हणजे किती पेट्रोल आणि कधी ठिणगी द्यायची याचा तक्ता, तिथल्या १०० ऑक्टेनच्या आसपासच्या पेट्रोलसाठी केलेला असतो. आपल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन त्याहून कमी. दमट उकाड्यात कमी ऑक्टेनवर पूर्ण बूस्ट, म्हणजे टर्बोचा पूर्ण दाब, मागितलं की नॉकिंग सुरू होतं, पेट्रोल अवेळी पेटून पिस्टनवर ठोके बसतात. त्यात आता इथेनॉल. शुद्ध पेट्रोल जळायला एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉल मिसळलं की सुमारे १३.५ पुरते. हलक्या पायाने चालवताना ऑक्सिजन सेन्सर हा फरक सांभाळून घेतो. पण पाय पूर्ण दाबला की जुन्या ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) कारभार बहुतांशी ठरलेल्या मॅपवर चालतो, आणि मिश्रण जवळपास ८ टक्के पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. इंजिनावर सगळ्यात जास्त ताण असतो तेव्हाच नेमकं. म्हणून आयात केलेल्या जुन्या गाडीत सगळ्यात आधी पेट्रोलच्या रबरी नळ्या तपासा, बदला, आणि इथे मिळणाऱ्या पेट्रोलवरच रीमॅप करून (मॅप नव्याने बसवून) घ्या. दुसऱ्या देशातली तयार फाइल टाकू नका.

हे झाल्यावर दोघींच्या वाटा वेगळ्या होतात.

इव्हो नऊला मोकळा एक्झॉस्ट, मोठा पेट्रोल पंप, बूस्ट कंट्रोल आणि नीट मॅप एवढ्यावर बराच फरक पडतो, आणि लोखंडी ब्लॉक ते झेलतो. टायमिंग बेल्ट आणि त्याच्याबरोबरचा बॅलन्स शाफ्टचा छोटा बेल्ट वेळेवर बदला, तो छोटा तुटून मोठ्यात अडकला तर हेडचं काम निघतं. इव्हो दहात डिफरेन्शियलला दाब देणारा पंप खाली उघड्यावर असतो आणि गंजतो. आपल्याकडे कळंगुटपासून काणकोणपर्यंत हवेतच मीठ. घेण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून तो पंप बघितल्याशिवाय इसार देऊ नका.

इम्प्रेझात, विशेषतः अडीच लिटरच्या ईजे२५७ इंजिनात, पिस्टनवर रिंगा बसतात त्या खाचांमधल्या कडा नाजूक असतात. थोडं नॉकिंग, थोडं पातळ मिश्रण, आणि कड तुटते. नेमकी हीच गाडी लोक कोन फिल्टर लावून सुरू करतात. हवा मोजणारा सेन्सर त्याच नळीत असतो, नळीचा व्यास बदलला की त्याचं मोजमाप चुकतं आणि मिश्रण पातळ होतं. आवाज छान येतो, महिन्याभरात निळा धूरही येतो. इथे क्रम असा ठेवा: दर टाकीला ऑइल तपासणं, ऑइल उचलणारी नळी मजबूत घेणं (मूळची चिरते), मग मॅप, मग एक्झॉस्ट. इव्होचं बघून पुढे इंटरकूलर लावायची हौस असते, पण नळ्या लांब झाल्याने बूस्ट यायला उशीर होतो. ताकद फार वाढवणार नसाल तर मूळ जागेवरच मोठा इंटरकूलर लावा. आणि साध्या डब्ल्यूआरएक्सला एसटीआय समजू नका. तिचा पाच गिअरांचा डबा जादा टॉर्कपुढे दात सोडतो.

एका बाबतीत मात्र दोघींचा नियम एकच. चारही टायर एकाच मेकचे, सारखे झिजलेले. एकच नवा टायर टाकलात तर त्याचा घेर वेगळा, मग मधलं डिफरेन्शियल सरळ रस्त्यावरही अखंड काम करत तापतं. आणि टोइंग. माझ्या मित्राची डब्ल्यूआरएक्स पेट्रोल पंप जाऊन केरीजवळ बंद पडली. मी सोबत होतो. गाडी न्यायला आलेल्याने पुढची दोन चाकं उचलली, मागची रस्त्यावर ठेवली, आणि गाडी साखळी शहरापर्यंत आणली. आम्हीही काही बोललो नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं. पुढची चाकं स्थिर, मागची फिरतायत, मधली व्हिस्कस कपलिंग (मधल्या डिफरेन्शियलमधला घट्ट तेलावर चालणारा भाग) भाजून निघाली. पंपाच्या दहापट खर्च तेवढ्या अंतरात झाला. या गाड्या नेहमी सपाट ट्रकवर चढवूनच न्यायच्या.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. पूर्ण जोर बघायचाच असेल तर कोइंबतूरचा किंवा चेन्नईचा ट्रॅक गाठावा, झुआरीचा पूल त्यासाठी नाही.

विकत घेणाऱ्यांसाठी अजून एक. मित्सुबिशीने २०१० च्या सुमारास इव्हो दहा भारतात अधिकृतपणे विकली, पण त्याहून कितीतरी जास्त लान्सर आणि सेडिया इव्होचे बंपर आणि पंख लावून फिरतात. सेडियाला टर्बो नाही आणि फक्त पुढच्या चाकांना ताकद. फ्रिजवरचं लोहचुंबक सोबत न्या. खऱ्या इव्हो सातपासून पुढे बोनेट आणि पुढचे मडगार्ड ॲल्युमिनियमचे आहेत, दहाचं छतसुद्धा, तिथे चुंबक चिकटत नाही. मग मागे वाकून बंपरखाली बघा, डिफरेन्शियलचा गोळा दिसला पाहिजे.

गेल्या महिन्यात पुतण्या पर्वरीला एक विकाऊ "इव्हो" बघायला गेला, खिशात चुंबक घेऊन. बोनेटला लावलं, टक्कन चिकटलं. मडगार्डलाही चिकटलं. मालकाचे आभार मानून तो निघाला आणि स्कूटरवरूनच मला फोन केला, "काका, आता मला इम्प्रेझाचे प्लग कसे काढतात ते दाखवा."