याघ्नोब : अरबांच्या वेळची दंतकथा आणि १९७० ची हेलिकॉप्टरं

ताजिकिस्तानात जरफशान आणि हिस्सार या दोन डोंगररांगांच्या बेचक्यातून याघ्नोब नदी वाहते. तिच्या काठची बरीचशी गावं अडीच हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर आहेत, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपट उंचीवर. दगडमातीची धाब्याची घरं, जव आणि बटाट्याची लहान लहान शेतं, शेळ्यामेंढ्या, ओझ्याला गाढवं, जळणाला गोवऱ्या. बर्फ पडलं की जवळजवळ सहा महिने वाट बंद. एवढ्याशा खोऱ्याकडे जगभरच्या भाषाअभ्यासकांनी पुनःपुन्हा धाव घेतली, ती तिथल्या बोलीसाठी.

याघ्नोबी माणूस पाच ते दहा मोजताना ‘पंच, उख्श, अव्द, अश्त, नव, दस’ म्हणतो. पाण्याला ‘ओप’, घोड्याला ‘अस्प’. आप आणि अश्व ओळखू यायला संस्कृतचा पंडित असावं लागत नाही. पण खरी चकित करणारी गोष्ट व्याकरणात आहे. शाळेत लङ् लकार घोकताना ‘गच्छति’च्या पुढे ‘अ’ लावून ‘अगच्छत्’ केलेलं आठवत असेल. भूतकाळ दाखवणारा तो ‘अ’ मराठीने केव्हाच टाकला, फारसीनेही टाकला. याघ्नोबीत तो आजही जिवंत आहे. ‘मी गेलो’ला तिथे ‘अशावीम’ म्हणतात, आणि सुरुवातीचा ‘अ’ तोच.

ही बोली सोग्दियन या मध्य आशियातल्या जुन्या इराणी भाषेच्या घराण्यातली. समरकंद, बुखारा, पंजकंद ही सोग्दियनांची शहरं. रेशीम मार्गावरचा व्यापार काही शतकं प्रामुख्याने त्यांच्या हातात होता. चीनमधल्या दुनहुआंगजवळ त्यांच्या व्यापाऱ्यांची चौथ्या शतकातली पत्रं सापडली, तर सिंधू नदीच्या वरच्या खोऱ्यात शतियाल इथल्या कातळांवर त्यांनी कोरलेली नावं आहेत. पंजकंदच्या भिंतींवर पंचतंत्रातल्या गोष्टी रंगवलेल्या सापडल्या. त्यांचा धर्म इराणी मुळाचा, अग्नीला मानणारा, पण कर्मठ मुळीच नव्हे. नना ही त्यांची लाडकी देवी. वेशपर्कर हा वाऱ्याचा देव त्यांनी तीन तोंडांचा, त्रिशूळधारी काढला, आणि बौद्ध ग्रंथांचं भाषांतर करताना महादेवाच्या जागी त्याचंच नाव घातलं.

आठव्या शतकात अरब फौजा आल्या. पंजकंदचा राजा देवाश्तिच आपल्या माणसांसह जरफशानच्या वरच्या अंगाला मुग डोंगरावरच्या गढीत शिरला. ७२२ मध्ये तो पकडला गेला, मारला गेला आणि त्याचं शिर इराकला पाठवलं गेलं. बाराशे वर्षांनी, १९३२ मध्ये, तिथल्या एका मेंढपाळाला या डोंगरावर टोपलीत लिहिलेले कागद सापडले. पुढच्या वर्षीच्या उत्खननात कागद, कातडं आणि लाकडाच्या काठ्यांवरचे दस्तऐवज हाती आले. त्यात एक लग्नाचा करारनामा आहे, साधारण ७१० सालचा. नवऱ्याने बायकोला कसं नांदवावं हे त्यात कलमवार लिहिलंय, आणि न पटल्यास सोडून जाण्याची मुभा तिलाही आहे.

याघ्नोबी लोकांची कथा इथूनच सुरू होते असं सांगतात : अरबांपासून पळालेले सोग्दियन या खोऱ्यात लपले आणि त्यांनी भाषा राखली. कथा सुरेख आहे, पण जरा जपून घ्यावी. दस्तऐवजांतली सोग्दियन आणि आजची याघ्नोबी यांतले फरक पाहता, अभ्यासक याघ्नोबीला समरकंदी सोग्दियनची सरळ लेक न मानता तिच्या शेजारच्या एखाद्या बोलीची वारस मानतात. म्हणजे खोऱ्यात निर्वासित येण्याआधीच हे लोक तिथे असण्याचीही शक्यता उरते.

धर्माचंही तसंच. बाहेरून येणाऱ्याला इथे गुप्त अग्निपूजक सापडावेत अशी फार हौस असते. प्रत्यक्षात याघ्नोबी सुन्नी मुसलमान आहेत, हनफी पंथाचे. नमाज आहे, रोजे आहेत, पिरांच्या मजारी आहेत. जुन्याचे अवशेष दिसतात ते विस्तवाचा मान राखण्यात, मजारीपाशी दिवा लावण्यात, नवरोजच्या सणात. पण असे अवशेष मध्य आशियातल्या बहुतेक डोंगरी मुसलमानांत मिळतील. मुंबईतल्या अग्यारीशी याघ्नोबचं नातं जोडायचंच तर ते फार दूरच्या चुलत घराण्याचं.

१८७० मध्ये रशियन मोहीम या भागात आली, तेव्हा ही बोली बाहेरच्या विद्वानांच्या नजरेस पडली. १९१३ मध्ये फ्रेंच भाषातज्ज्ञ गोतियो आणि जर्मन भाषातज्ज्ञ युंकर बरोबरीने खोऱ्यात गेले. वर्षभरात दोघांचे देश एकमेकांविरुद्ध युद्धात उतरले. त्या युद्धातल्या जखमांनी गोतियो १९१६ मध्ये गेला.

याघ्नोबचं खरं उच्चाटन मात्र अरबांनी केलं नाही, ते सोव्हिएत राजवटीत झालं. १९७० आणि ७१ मध्ये खोऱ्यात हेलिकॉप्टरं उतरली. कागदोपत्री कारण होतं हिमकडे आणि दरडींचा धोका. खालच्या मिर्झाचूलच्या माळावर, जफराबाद भागात, कापसाची नवी शेतं काढली होती आणि तिथे हात हवे होते, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. सुमारे तीन हजार माणसं उचलून नेली गेली. मागे कुणी फिरू नये म्हणून घरं पाडली. उभा जन्म बर्फाच्या सावलीत काढलेल्या माणसांना चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात कापूस वेचायला लावलं. शेकडो माणसं उष्म्याने आणि आजारांनी दगावली असं वाचलेले सांगतात. म्हातारी आणि पोरं आधी गेली. मुलं ताजिक शाळेत गेली. जनगणनेत ‘याघ्नोबी’ असा रकानाच नव्हता, नोंद ताजिक म्हणून. काही कुटुंबं चोरून डोंगरात परतली, तर त्यांना पुन्हा खाली आणलं.

१९८३ पासून थोडी थोडी माणसं परतू लागली आणि या खेपेला टिकली. पडक्या भिंतींवर नवी धाबी चढली. १९८९ च्या ताजिक भाषा कायद्यात याघ्नोबीला संरक्षण देण्याचा उल्लेख आला. २००६ मध्ये अंझोबचा बोगदा सुरू झाल्यावर राजधानी दुशान्बेचा रस्ता खोऱ्याच्या तोंडाजवळून जाऊ लागला. आत जायला मात्र कच्ची वाटच आहे, आणि हिवाळ्यात तीही नाही.

आज खोऱ्यात विखुरलेल्या वाड्यांमध्ये मिळून पाचएकशे माणसं राहतात. बोली बोलणारे बाकीचे काही हजार लोक वरझोब आणि दुशान्बेकडे आहेत, आणि मोठ्या संख्येने त्याच जफराबादच्या माळावर, जिथे त्यांच्या आजोबांना हेलिकॉप्टरमधून उतरवलं होतं.