नवा डेस्कटॉप घेताना : फाइल कॉपी करायच्या की डिस्क क्लोन करायची?

कोल्हापुरात राजारामपुरीत नवा डेस्कटॉप ठरला, भाव झाला, की गिऱ्हाईक हमखास म्हणतं, ‘जुन्यावरचं तेवढं सगळं नव्यावर टाकून द्या की.’ दुकानदारही ‘देतो मालक’ म्हणतो. पण हे काम दोन तऱ्हांनी होतं, आणि कुठलं करायचं हे दोघांनीही बोलून घेतलेलं नसतं. मग आठवड्याभरानं फोनाफोनी सुरू होते.

कॉपी म्हणजे फक्त तुमचा माल उचलणं : एक्सेलच्या शीटा, फोटो, बिलं, टॅलीचं डेटा फोल्डर. नव्या मशीनचं विंडोज नवंच राहतं आणि प्रोग्रॅम पुन्हा टाकावे लागतात. क्लोन म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवणं. विंडोज, प्रोग्रॅम, सेटिंग, फॉन्ट आणि जुन्यात व्हायरस असला तर तोसुद्धा. क्लोनझिलासारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर हे काम चोख करतं.

माझं मत स्पष्ट आहे. मशीन तेच ठेवून जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) बसवायची असेल, तर क्लोन. मशीनच बदलत असेल, तर कॉपी. नव्या मशीनवर जुन्याचा क्लोन चढवण्याचा हट्ट धरू नये.

कारण क्लोनमधलं विंडोज जुन्या मदरबोर्डच्या (मशीनच्या मुख्य सर्किट बोर्डाच्या) ओळखीवर चालत असतं. विंडोज ७ च्या काळातल्या बऱ्याच डिस्का एमबीआर या जुन्या मांडणीच्या, जुन्या बायोसवर (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमवर) चालणाऱ्या. आजचे बोर्ड यूईएफआयवाले, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीचे. अशी डिस्क लावली की एकतर बूटच होत नाही, नाहीतर निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येतं. विंडोज १० पुष्कळदा नवे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम) शोधून उभं राहतं हे खरं. पण मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स त्या जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं, ते क्लोनबरोबर येत नाही. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणून तर लोक मशीन बदलताहेत. मग नव्यावर पुन्हा जुनंच विंडोज कशाला चढवायचं?

आता कॉपीची बाजू. इथं बिघडत काही नाही, मागं राहतं. आपल्याकडं मशीन देताना सी आणि डी असे भाग पाडून देतात, त्यामुळं ‘माझं सगळं डीमध्ये आहे’ असा प्रत्येकाचा समज. प्रत्यक्षात डेस्कटॉपवर दिसणारं प्रत्येक फोल्डर सहसा सी ड्राइव्हमध्ये, यूजर्सच्या आत असतं. डाउनलोड्सही तिथंच. आउटलुकची मेल तर कधीकधी अ‍ॅपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात असते, तो नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. डी कॉपी करून सी फॉरमॅट केला, की गेली मेल.

उद्यमनगरातल्या फाउंड्रीच्या ऑफिसात खरी अडचण टॅलीची. डेटा फोल्डर उचललं की हिशेब येतात, पण लायसन्स येत नाही. ते मशीनशी जोडलेलं असतं. जुन्या टॅलीतून आधी ते ‘सरेंडर’ म्हणजे परत करायचं, मग नव्यावर चालू करायचं. त्यासाठी जुनं मशीन चालू आणि नेटला जोडलेलं हवं, म्हणून ते भंगारात घालायची घाई नको. क्लोन केला तरी यातून सुटका नाही. हार्डवेअर बदललं की टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे शिकण्यापुरत्या मर्यादित वापरात जातं.

लक्ष्मीपुरीतल्या प्रेसवाल्यांसाठी फॉन्टचं सांगायलाच हवं. जुनी लग्नपत्रिका नव्या मशीनवर उघडली, तर वधू-वरांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल खराब झाली म्हणून माणूस हबकतो. फाइल ठणठणीत असते. शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. फॉन्ट नसला की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. जुन्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून तो फॉन्ट आणून बसवला, की मजकूर पुन्हा मराठीत दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःच्या जागा असलेल्या पद्धतीत, टाइप केलेल्या मजकुराला हा त्रास नाही. टायपिंगच्या सॉफ्टवेअरला जुन्या प्रिंटर पोर्टवर लावायचं लॉक (जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) असेल, तर मशीन घेण्याआधीच बोलून घ्या. आजच्या बहुतेक बोर्डांवर तो पोर्टच नसतो.

क्लोनची स्वतःची एक जोखीम आहे, आणि ती मोठी आहे. कुठली डिस्क मूळ आणि कुठली रिकामी, हे उलटं निवडलं तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते. क्षणात वर्षांचं काम जातं. पडद्यावर डिस्कचं मॉडेल आणि आकार वाचल्याशिवाय पुढं जाऊ नये. जुनी १ टीबीची आणि एसएसडी ५१२ जीबीची असेल, तर क्लोनझिला साध्या पद्धतीत क्लोन करत नाही. आधी पार्टिशन (डिस्कचा सी, डीसारखा भाग) लहान करावं लागतं. जुन्या डिस्कमधून कटकट आवाज येत असेल, तर क्लोनच्या फंदात न पडता महत्त्वाच्या फाइल आधी बाहेर काढा.

काम झालं तरी जुनी डिस्क लगेच पुसू नका. निदान एक जीएसटी रिटर्न नव्या मशीनवरून भरून होऊ दे. तोवर ती दुकानात नव्हे, घरी ठेवा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत कुठवर आलं होतं, ते आठवत असेलच. नंतर मशीन विकायचं झालं, तर ‘क्विक फॉरमॅट’वर विसंबू नका, त्यातून फाइल परत काढता येतात. हार्ड डिस्कवर क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट लावा. तासन्‌तास चालेल, चालू द्या.