वनस्पतिचित्रण (जलरंग)

वनस्पतीची जाती खात्रीने ओळखता यावी इतक्या अचूकपणे, बहुधा मूळ आकारात, जलरंगांत तिचे चित्र काढण्याची पद्धती. शोभेची पुष्पचित्रे हिच्यात मोडत नाहीत. पुंकेसरांची संख्या, पाने एकाआड एक की समोरासमोर, देठावर लव आहे की नाही, या गोष्टींना येथे रंगसंगतीपेक्षा अधिक मान असतो. पार्श्वभूमी कोरी सोडतात.

आरंभ कोठून धरावा यावर एकमत नाही. जर्मन चित्रकार ड्यूररचे 1503 मधील गवताच्या झुबक्याचे जलरंगचित्र सामान्यतः पुढे केले जाते. मात्र त्यामागे वर्गीकरणाचा हेतू दिसत नाही. भारतात जहांगीर बादशहाने 1620 च्या काश्मीर मुक्कामातील फुलांचे वर्णन करताना मन्सूर या चित्रकाराने शंभराहून अधिक फुले रंगविल्याचे म्हटले आहे. मन्सूरची म्हणून दाखविली जाणारी पुष्पचित्रे आज मोजकीच आहेत.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात भारतीय चित्रकारांनी वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हाताखाली हे काम केले. विल्यम रॉक्सबर्ग (कलकत्ता) यांच्याकडे सुमारे 2,500 चित्रे तयार झाली. नॅथॅनिएल वॉलिच यांच्यासाठी विष्णुप्रसाद व गोराचंद यांनी, तर मद्रासकडे रॉबर्ट वाइट यांच्यासाठी रंगय्या व गोविंदू यांनी चित्रे काढली. वाइट यांनी ऑर्किडांच्या एका वंशाला (genus) गोविंदूचे नाव दिले. चित्रकाराला असा मान क्वचितच मिळे. हे चित्रकार लघुचित्रशैलीत तयार होऊन आले व तेथे त्यांनी केवळ युरोपीय कागद आणि छेदचित्रे (फूल वा फळ कापून दिसणाऱ्या आतील भागांची चित्रे) आत्मसात केली, असे मत रूढ आहे. ते बऱ्याच अंशी ग्राह्य वाटते. पण सर्वांना लागू करता येत नाही.

पुण्याजवळच्या दापुरी (आजची दापोडी) येथील उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तेथे 1828 मध्ये मुंबई सरकारने उद्यान काढले व 1838 पासून अलेक्झांडर गिब्सन त्याचे अधीक्षक होते. त्यांनी साधारणपणे 1847 ते 1850 या काळात काढवून घेतलेली सुमारे 170 चित्रे आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. चित्रकाराचे नाव मिळत नाही; तो ‘पोर्तुगीज’ वंशाचा भारतीय होता एवढाच उल्लेख आहे. त्यावरून त्याला गोव्याचा मानण्याकडे कल असतो. परंतु त्या काळच्या मुंबई इलाख्यात वसई-साष्टीच्या स्थानिक ख्रिस्ती लोकांनाही पोर्तुगीजच म्हणत; त्यांचे ‘ईस्ट इंडियन’ हे नाव 1887 च्या सुमारास रूढ झाले. त्यामुळे गोव्याचा आग्रह धरू नये हे बरे. त्याची तालीम लघुचित्रांच्या परंपरेत झाली असे मानण्यास तर काहीच आधार नाही.

शिक्षणक्रम : आजही शिकणाऱ्याचा पहिला बराच काळ पेन्सिलीत जातो. डिव्हायडरने मापे घेऊन आराखडा करतात व तो गुळगुळीत, ‘हॉट प्रेस्ड’ कागदावर उतरवितात. खरबरीत कागदावर बारीक कड स्वच्छ येत नाही. प्रकाश डावीकडून वरून येतो असे धरण्याचा संकेत आहे. प्रथम पातळ वॉश (पाण्यात विरघळलेल्या रंगाचा सपाट थर), मग वाळल्यावर थरांवर थर, शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने शिरा व लव. उजळ जागी पांढरा रंग लावीत नाहीत, कागदच सोडतात. मुघल व कंपनीकाळातील चित्रांतील अपारदर्शक रंगलेपनाहून ही रीत वेगळी आहे. तयार हिरवा सहसा टाळून निळा व पिवळा यांच्या मिश्रणातून हिरव्या छटा करतात.

कळलावीचे फूल नवशिक्याची चांगली परीक्षा घेते. पाकळ्यांसारखी सहा दले मागे उलटलेली, कडा लाटांसारख्या, कुक्षिवृंत (स्त्रीकेसराचा दांडा) बुडाशी जवळजवळ काटकोनात वळलेला आणि पानाचे टोक वेलीच्या ताण्यासारखे गुंडाळलेले. शिवाय दले आधी हिरवट, मग पिवळी, मग तांबडी होत जातात. सकाळी सुरू केलेले फूल दुसऱ्या दिवशी तेच राहत नाही. म्हणून फूल आधी रंगवून घेतात, पाने व खोड मागाहून; आणि छटांचे नमुने कागदाच्या कडेला टिपून ठेवतात. ऑस्ट्रियाच्या फर्डिनंड बाउअरने तर छटांना क्रमांक देऊन प्रवासात केवळ आकड्यांची टिपणे केली व चित्रे परतल्यावर रंगविली.

रंग निवडताना टिकाऊपणाही पाहावा लागतो. अ‍ॅलिझरीन क्रिम्झनसारखे काही तांबडे उजेडात फिके पडतात. त्यामुळे संग्रहातील जुनी चित्रे भिंतीवर न लावता सपाट खणांत, अंधारात ठेवतात.