सुट्टीला गावी येताय? आधी दिवस मोजा, मग रिटर्न तिकीट काढा

आखातात नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा एनआरआय म्हणजे कोण, उत्तर ठरलेलं असतं, "सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की झालं." दुबईत पहिली सातआठ वर्षं माझंही हेच उत्तर होतं आणि त्यावर कधी कुणी काही विचारलं पण नाही. मग एका वर्षी मे महिन्यात आंब्याला म्हणून रत्नागिरीला आलो, गणपतीला परत आलो, आणि डिसेंबरात वडिलांचं ऑपरेशन निघालं तेव्हा बिनपगारी रजा टाकून मार्चपर्यंत घरीच राहिलो. हिशोबाला बसलो तर पासपोर्टवरचे अर्धे शिक्के एकमेकांवर बसलेले, तारीख वाचता येईना. शेवटी आईने भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं, मी आलो त्या तारखेला पेनने गोल आणि गेलो त्या तारखेला फुली, बाजूलाच दुधाचा हिशोब आणि गॅस लावल्याची तारीख. जुन्या वर्षाचं कॅलेंडर पण तिने फडताळात ठेवलेलं होतं. बेरीज आली १३४ दिवस. १८२ च्या खाली आहे म्हणून मी खूश, तर सीए म्हणाला थांब, याच वर्षी पुण्याचा फ्लॅट विकलास ना?

तर इथून सुरुवात करू. इन्कम टॅक्सला तुमचा व्हिसा किंवा तिकडचं घर यावरून रेसिडेन्सी ठरवायची नसते, १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तुम्ही भारतात किती दिवस होतात हे आधी बघतात. १८२ किंवा जास्त दिवस भरले तर रेसिडेंट, विषय संपला. तेवढे नसतील तर दुसरी कसोटी, त्या वर्षात ६० किंवा जास्त दिवस आणि आधीच्या ४ वर्षांत मिळून ३६५ किंवा जास्त दिवस, दोन्ही भरलं तरी रेसिडेंट. पण बाहेर राहणारा भारतीय नागरिक किंवा भारतीय वंशाचा माणूस भेटीसाठी येतो तेव्हा त्याला ६० च्या जागी १८२ ची सवलत आहे, म्हणून आपल्याकडे तो सहा महिन्यांचा समज पक्का झाला. नोकरीसाठी पहिल्यांदा बाहेर जाताय त्या वर्षी पण १८२ च लागतं, म्हणजे एप्रिलपासून इथेच असलेला माणूस २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बसला तर त्याचे १८१ दिवस होतात आणि तो त्या वर्षी नॉन रेसिडेंट, एक दिवस उशीर झाला तर रेसिडेंट, आणि मग एप्रिलपर्यंतचा तिकडचा पगार इकडे दाखवायचा. एजंट तिकीट पुढे ढकलतो तेव्हा हे कुणाच्या डोक्यात नसतं.

आता २०२० ला घातलेली पाचर. त्या बजेटमध्ये आधी सगळ्यांनाच १८२ वरून १२० करायचं म्हणत होते, मग बोंबाबोंब झाली आणि कायदा होताना ते फक्त भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असणाऱ्यांपुरतं ठेवलं. म्हणजे भाडं, एनआरओचं (भारतातल्या कमाईसाठी एनआरआय ठेवतो त्या खात्याचं) व्याज, डिव्हिडंड, शेअर्स किंवा जागा विकून झालेला नफा असं सगळं मिळून १५ लाखांच्या पुढे गेलं की भेटीला येणाऱ्याची मर्यादा १२० दिवस, आणि सोबत मागच्या ४ वर्षांचे ३६५ दिवस पण बघतात. दुबईचा पगार या १५ लाखांत धरत नाहीत, एनआरई एफडीचं (बाहेरून पाठवलेल्या पैशाच्या ठेवीचं) व्याज करमुक्त आहे म्हणून तेही नाही. बहुतेकांचं भारतातलं उत्पन्न दोनचार लाखांच्या वर नसतं त्यामुळे त्यांनी घाबरायचं कारण नाही, पण ज्या वर्षी फ्लॅट किंवा आजोबांची जमीन विकता ते वर्ष वेगळं. माझं तसंच झालं. १३४ दिवस म्हणजे १२० पार, पण आधीच्या ४ वर्षांची बेरीज २९० होती म्हणून या कलमातून सुटलो.

सुटलो म्हणेपर्यंत दुसऱ्यात अडकलो. भारतीय नागरिक, भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आणि दुसऱ्या कुठल्याच देशात तिथला रहिवासी म्हणून टॅक्स लागू नाही, असा माणूस एक दिवस पण भारतात आला नाही तरी रेसिडेंट मानला जातो, याला डीम्ड रेसिडेंट म्हणतात. यूएई, कतार, कुवेतसारख्या ठिकाणी पगारावर टॅक्सच नाही म्हणून आपण बरोबर त्या जाळ्यात. लंडन किंवा न्यू जर्सीवाल्याला हे लागत नाही कारण तो तिकडे भरतो.

ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता, पण यात एक दिलासा आहे आणि तो कुणी नीट सांगत नाही. १२० दिवसांवाला (१८२ च्या आत) आणि डीम्डवाला, दोघेही आरएनओआर होतात, म्हणजे रेसिडेंट खरे पण ऑर्डिनरी नाही. आरएनओआरला भारतातल्या उत्पन्नावर टॅक्स, आणि बाहेरचं फक्त तेव्हा जेव्हा तो धंदा भारतातून चालवला जातो किंवा व्यवसाय इथे थाटलेला आहे. नोकरीचा पगार, तिकडच्या बँकेचं व्याज, तिकडच्या घराचं भाडं याला हात लागत नाही. सरकारने २ फेब्रुवारी २०२० ला खुलासा पण काढला होता की आखातात प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांचा पगार पकडायचा हेतू नाही.

कायमचं परत यायचं असेल तर गणित बदलतं, कारण ती १८२ ची सवलत 'भेटीसाठी' येणाऱ्याला आहे. राजीनामा देऊन सामान कार्गोने पाठवून २० जानेवारी २०२६ ला घरी आलात तर ३१ मार्चपर्यंत ७१ दिवस होतात, म्हणजे ६० पार, आता मागच्या ४ वर्षांची बेरीज बघायची, वर्षाला दीड महिना येत असाल तर ती १८० च्या आसपास येते, ३६५ होत नाही, सुटलात. पण दरवर्षी तीनचार महिने राहणारा अडकतो. शक्य असेल तर फेब्रुवारीत या, १ फेब्रुवारी ते ३१ मार्च ५९ दिवसच होतात (लीप वर्ष असेल तर एक दिवस उशिरा निघा). त्यानंतरच्या वर्षांत रेसिडेंट झालात तरी आधीच्या १० वर्षांतली ९ वर्षं नॉन रेसिडेंट असाल किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतात ७२९ दिवसांपेक्षा जास्त राहिला नसाल तर आरएनओआर मिळतं, साधारण दोन वर्षं, कधी तीन. तिकडचं काही विकायचं असेल तर ते याच काळात उरकून घ्या.

हल्ली अजून एक प्रकार, लंडनच्या कंपनीचं काम सांगलीच्या घरी बसून तीन महिने करायचं. दिवस कमी आहेत म्हणून टॅक्स नाही असं वाटतं, पण जे काम भारतात बसून केलं त्याचा पगार भारतात कमावलेला धरतात, पैसे कुठल्याही खात्यात येवोत. दोन देशांतल्या, एकाच कमाईवर दोनदा टॅक्स टाळायच्या करारामुळे बहुतेक वेळा सुटका होते, १८३ दिवसांच्या आत असाल, मालक बाहेरचा असेल आणि त्याचं इथे ऑफिस वगैरे नसेल तर, पण ती सुटका रिटर्नमध्ये मागावी लागते, आपोआप नाही होत.

जहाजावरच्या पोरांचं वेगळं. परदेशी फेरीवर असलेल्या भारतीय क्रूचे सीडीसीवर (जहाजावरच्या नोकरीची नोंदवही) जॉइनिंगच्या तारखेपासून साइन ऑफपर्यंतचे दिवस भारताबाहेरचे धरतात, मग बोट अधेमधे मुंबईला लागलेली का असेना. म्हणून ते लोक १८४ दिवस पुरे करायला धडपडतात. ती सीडीसीची पानं स्कॅन करून ठेवा, सगळा पुरावा तोच.

दिवस मोजताना आलेला आणि गेलेला दोन्ही दिवस धरा. यावर कोर्टात वेगवेगळं म्हटलं गेलंय पण काठावर आहात आणि वाद घालायची हौस नाही तर दोन्ही धरलेले बरे. मुंबईला रात्री पावणेबाराला विमान उतरतं, इमिग्रेशनची रांग संपेपर्यंत साडेबारा, शिक्का दुसऱ्या दिवसाचा. उलट जाताना रात्री अकराला शिक्का आणि विमान पहाटे दोनला. शिक्क्याची तारीखच लिहून ठेवायची. दुबईला स्मार्ट गेटमधून गेलात तर शिक्काच नसतो, म्हणून बोर्डिंग पासचा फोटो काढून मेलवर टाकायचा. जुना पासपोर्ट रद्द झाला म्हणून फेकू नका, १० वर्षांचा हिशोब त्यातूनच निघतो. आणि कोरोनातल्यासारखी सूट परत मिळेल अशी आशा धरू नका, तेव्हा अडकलेल्यांना २०१९-२० साठी २२ ते ३१ मार्च सोडून दिले, पुढच्या वर्षी सरसकट काहीच नाही.

कागद म्हणाल तर नवे जुने पासपोर्ट, व्हिसा किंवा एमिरेट्स आयडी, नोकरीचं काँट्रॅक्ट, पॅन, पोर्टलवरून उतरवलेलं २६एएस आणि एआयएस (कापलेला टॅक्स आणि नोंदलेलं उत्पन्न दाखवणारे उतारे), बँकांची व्याजाची सर्टिफिकेटं, आणि कराराचा फायदा हवा असेल तर टीआरसी, म्हणजे तिकडच्या सरकारने दिलेला 'हा आमचा टॅक्स रेसिडेंट' असा दाखला. यूएईत तो फेडरल टॅक्स अथॉरिटीच्या पोर्टलवर मिळतो, अमेरिकेत फॉर्म ८८०२ भरून ६१६६ येतो. यूएईच्या करारात एका कॅलेंडर वर्षात तिथे किमान १८३ दिवस असणं बघतात, म्हणजे इकडे एप्रिल-मार्च आणि तिकडे जानेवारी-डिसेंबर, दोन वेगळे तक्ते ठेवा. सोबत आयकर पोर्टलवर फॉर्म १०एफ ऑनलाइन भरायचा आणि दोन्ही बँकेला द्यायचे. फरक किती, तर एनआरओ खात्यावर १ लाख व्याज झालं तर बँक सेससकट ३१,२०० कापते, यूएईचा टीआरसी दिला तर १२,५००. माझ्या बँकेच्या शाखेत हे कागद दोनदा हरवले, म्हणून मेलने पाठवा आणि पोच मागा. ही फॉर्मची नावं २०२५-२६ या वर्षाची, १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू आहे, दिवसांचे आकडे त्यातही तेच आहेत पण फॉर्म भरताना वर्ष बघून घ्या.

फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, ही अजून वेगळी भानगड. इन्कम टॅक्समध्ये तुम्ही त्या वर्षी नॉन रेसिडेंट असाल, तरी कायमचे किंवा इथे नोकरीसाठी आलात की फेमाच्या हिशोबाने लगेच रेसिडेंट होता, बँकेला कळवून एनआरई खातं बदलून घ्यावं लागतं. एनआरईच्या व्याजाची करमाफी फेमाच्या स्टेटसवर आहे, त्यामुळे "अजून आरएनओआर आहे ना" म्हणून तशीच चालू ठेवलेली एफडी नंतर महागात पडते. एफसीएनआर, म्हणजे परकीय चलनातली ठेव, मात्र मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते आणि आरएनओआर असेपर्यंत त्याचं व्याज माफ.

रिटर्न भरताना आयटीआर-१ ला हात लावू नका, तो नॉन रेसिडेंट आणि आरएनओआर दोघांनाही चालत नाही, आयटीआर-२ घ्या, धंदा असेल तर ३. त्यात स्टेटस निवडल्यावर यावर्षीचे आणि मागच्या ४ वर्षांचे भारतातले दिवस विचारतात, तिथे अंदाजे आकडा टाकायचा मोह होतो, टाकू नका. परदेशातल्या मालमत्तेची शेड्यूल एफए फक्त पूर्ण रेसिडेंटला, पण त्यात लपवलं तर ब्लॅक मनी कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे, म्हणून परत आल्यावर आरएनओआरची वर्षं कधी संपतात ते आत्ताच लिहून ठेवा. पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये पण नॉन रेसिडेंट करून घ्या, ते न केल्यामुळे आधारशी न जोडलेली कितीतरी एनआरआय लोकांची पॅन जुलै २०२३ मध्ये बंद पडली.

शेवटी व्हेरिफिकेशन. आधारला जोडलेला भारतातला नंबर बंद असेल तर ओटीपी येत नाही आणि लोक रिटर्न तसंच सोडतात. नेटबँकिंगमधून होतं, तेही नाही जमलं तर आयटीआर-व्ही ची (रिटर्नच्या पोचपावतीची) प्रिंट काढून, निळ्या शाईने सही करून बंगळुरूच्या सीपीसीला (इन्कम टॅक्सचं रिटर्न तपासायचं केंद्र) स्पीड पोस्टने पाठवायची, ३० दिवसांच्या आत. दुबईहून कुरियर करत बसण्यापेक्षा गणपतीला येताय तेव्हा सोबत आणा म्हणावं तर जुलैत भरलेल्याचे ३० दिवस तोवर संपलेले असतात.